टिटवीची बावीस मिनिटं

मी चौथीत असताना तेलीबांध्याच्या तलावावर टिटवी ओरडायची. मग काहीच नाही. मग पैलतीरावरून दुसरी उत्तर द्यायची. मधल्या त्या 'काहीच नाही'वर मी जन्मभर संगीत रचलं. ते माझ्यामागे कुणाच्या हाती पडू नये, म्हणून हे मृत्युपत्र लिहितो.

मी, गंगाधर यज्ञेश्वर देवपुजारी, वय ७८, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार तेलीबांधा, रायपूर. राग आलेला आहे, पण शुद्ध जागेवर आहे. कुणाचा दबाव नाही.

१. घर व बँकेतील ठेव मुलगी अपर्णा हिला.

२. भिंतीवरचं चित्रही तिलाच: पांढरा कागद, एकच आडवी रेघ. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या पद्मिनीबाईंचं. स्टाफरूममध्ये सगळे विचारत, बाई, बाकीचं कधी काढणार? त्या म्हणत, झालं काढून. कुठे थांबावं, हे मला त्यांनी शिकवलं. त्या भिंतीवर कॅलेंडर टांगू नये.

३. मुलगा पुष्कर याला माझ्या संगीतातलं काहीही नाही. कारण नोंदवतो. माझी 'टिटवी' बावीस मिनिटांची: तलावाचे आवाज, माझी बासरी आणि मधली शांतता. त्याने ती टेप कॉम्प्युटरवर उतरवली, माझ्या वाढदिवसाला पाहुण्यांसमोर लावली. नऊ मिनिटांत संपली. बाकीची कुठाय, मी विचारलं.

"बाबा, वो तो खाली था. काट दिया."

पाहुण्यांनी वर टाळ्या वाजवल्या.

श्लोकात यती चुकला की आमचे गुरुजी पट्टी हाणायचे. "काहून धावून राहिला बे? थांब तिथं." मी पोराला कधी पट्टी लावली नाही, ही माझी चूक. चार वर्षं आमचं बोलणं नाही. ती शांतता मात्र त्याला कापावीशी वाटली नाही.

४. मूळ टेप माझ्यासोबत चितेवर ठेवावी. ऐकणारा कुणी उरलेला नाही. काल फोनवर अपर्णा रडली. कलम बदलणार नाही.

साक्षीदार:
१. हिरालाल साहू, शेजारी (सही)
२. वकीलसाहेब (यायचे आहेत)

रायपूर, ९ जानेवारी २०२५

मृत्युपत्र करणाऱ्याची सही:

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. वकीलसाहेब समजून हिरालालने उघडलं. पुष्कर होता. केस पिकलेत त्याचे. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "दीदीने बताया. जाळायच्या आधी एकदा पूर्ण ऐकवा, बाबा."

मी सांगितलं, बावीस मिनिटं लागतात. मध्ये एक शब्द बोललास तर बाहेर.

तो चपला काढतो आहे. सही तोवर राहू दे.