गिझरच्या नळाचं पाणी

अण्णा, आज प्लंबर गिझर बदलून गेला. जुन्या टाकीच्या तळाशी साचलेला पांढुरका, मधेच हिरवट गाळ त्याने मला दाखवला आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. तो गिझर तुमच्या वेळचा नव्हे. तुम्हाला जाऊनच वीस वर्षं होऊन गेली. पण तुमच्याशी जे कधी बोलले नाही, ते आज लिहावंसं वाटतं आहे.

लग्न होऊन मी निजामपुऱ्यात आले, तेव्हा सासूबाई नव्हत्या. घरात तुम्ही, तुमचा मुलगा आणि मी. शाळेत रसायनशास्त्र शिकवून तुम्ही निवृत्त झाला होतात आणि सकाळचा सगळा वेळ बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या पेटीपुढे घालवत होतात. पाच गोल्डफिश. तेव्हाचा गिझर बसवताना त्याची एक लाइन तुम्ही स्वयंपाकघरात घेतली होती, भांड्यांसाठी. गॅसचा बाटला, म्हणजे सिलिंडर, एकच; संपला की नंबर लावून कितीतरी दिवस वाट बघायची. म्हणून मी चहाला त्या नळाचं गरम पाणी घ्यायला लागले. लवकर उकळतं, बाटला चार दिवस जास्त चालतो. मला वाटलं, सून हुशार निघाली म्हणून कौतुक होईल.

अजून दिसतं, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात. पातेल्यात पाणी कुठल्या नळाचं घेतलं, विचारता. मी सांगते, आणि तुम्ही ते पातेलं उचलून मोरीत ओतता. "गरम पाणी टाकीतलं तांबं, सांध्यांतलं शिसं सोबत घेऊन येतं," तुम्ही म्हणता. "पोटात जायचं पाणी गार नळाचं घ्यायचं आणि मग तापवायचं. आता ते तुझ्या एकटीच्या पोटात जात नाही." मला चौथा महिना होता. आवाज तुम्ही चढवला नव्हता, तरी माहेरी मला असं कुणी बोललं नव्हतं. दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

जानेवारीत तुम्ही लग्नाला पुण्याला गेलात. जाताना सांगितलंत, बुधवारी पेटीतलं थोडं पाणी बदल, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतलं. बुधवारी बादलीतलं पाणी हाताला झोंबत होतं. मी त्यात गिझरचं पाणी ओतलं, बोट घालून बघितलं, कोमट लागलं तसं पेटीत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे वर तरंगत होते. दुपारपर्यंत पाचही गेले. मी ते मागच्या पपईखाली पुरले. तांब्याने मेले की पाणी एकदम बदलल्याने, मला अजून सांगता येत नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी म्हटलं, दिवसभर लाइट नव्हती, पेटीतला हवेचा पंप बंद पडला. तेवढ्यात शेजारच्या गुजराती भाभी आमची वाटी परत द्यायला आल्या. त्यांनी ते ऐकलं आणि सहज म्हणाल्या, "ना रे, लाइट तो आखो दिवस हती." दिवसभर होती म्हणे लाइट. मी वाटी हातात घेतली. तुम्ही पेटीच्या काचेवर हात ठेवून उभे होतात.

"आमच्याच घरचा फ्यूज उडाला असेल," तुम्ही त्यांना म्हणालात.

माझ्याकडे तुम्ही बघितलं नाहीत. संध्याकाळी पेटी रिकामी करून, कोरडी पुसून माळ्यावर ठेवलीत. मासे पुन्हा आणले नाहीत. आठवड्याभराने रिक्षातून दुसरा बाटला घेऊन आलात. कुणाला भेटलात, किती खेपा घातल्यात, काही सांगितलं नाहीत. "आता पाणी तापवताना हात आखडू नकोस," एवढंच म्हणालात. मुलगी झाली, चांगली धडधाकट झाली, तुमच्याच मांडीवर वाढली. माशांचा विषय तुम्ही कधी काढला नाहीत, आणि मीही नाही.

हे मी ह्यांनाही दाखवणार नाही. ह्यांना अजून फ्यूजच माहीत आहे.

माशांना गार लागू नये म्हणून ते पाणी घातलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. अण्णा, ते खरं नाही. मासे जगले असते तर तुम्ही पुण्याहून आल्यावर मी तुम्हाला ते दाखवणार होते, बघा, गिझरच्या पाण्याने काही झालं नाही म्हणून.