थॅलियमनंतरचा वेगळा कप

आप्पा,

आज चुलत्यांकडून तुमच्या स्मृतिदिनाचं बोलावणं आलं आणि मला पुन्हा किळस आली. दरवर्षी ते तुमच्या फोटोला हार घालतात, समतेवर भाषण ठोकतात, लोक टाळ्या वाजवतात. मी जात नाही. का जात नाही हे कुणी विचारतही नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

तुमच्या छातीत कळा सुरू झाल्या तेव्हा निपाणीत तंबाखूचा हंगाम ऐन भरात होता. वखारीत पोतं उचललं की तुम्ही छातीवर हात ठेवून थांबायचात आणि वारा धरलाय म्हणायचात. बेळगावच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, पण त्यांचं समाधान होईना. त्यांनी मुंबईला धाडलं. ऐंशीनंतरची ती वर्षं, असली तपासणी आपल्या भागात कुणी ऐकलीही नव्हती. तुम्हाला फिरत्या पट्ट्यावर दमेपर्यंत चालवलं, हातात थॅलियम नावाच्या औषधाची सुई दिली आणि मोठ्या कॅमेऱ्याखाली निजवलं. दुपारी, विसावा झाल्यावर, पुन्हा फोटो काढले. डॉक्टरांनी दोन्ही वेळचे फोटो माझ्यापुढे शेजारी शेजारी धरले. सकाळी हृदयाची एक बाजू काळी दिसत होती, दमल्यावर तिथं रक्त पुरत नव्हतं. दुपारी तीच बाजू उजळली होती. "तो भाग मेलेला नाही, उपाशी आहे. ऑपरेशन केलं तर वाचेल," ते म्हणाले. मी व्हरांड्यात जाऊन आनंदानं रडले. निघताना त्यांनी एवढंच बजावलं, की औषध किरणं सोडणारं आहे, एक-दोन दिवस तान्ह्या मुलांना मांडीवर घेऊ नका.

आपण चुलत्यांसोबत एकाच घरात राहायचो, त्यांची नात रांगत तुमच्याकडे यायची, म्हणून ते तुम्हीच घरात सांगितलंत. दोन दिवस सरले, आठवडा सरला, पोरगी काही तुमच्याकडे येईना. मग एका सकाळी काकी तुमचा चहा आणते. कान तुटलेल्या कपात, आणि तो कप बाहेर कट्ट्यावर ठेवते.

"काकी, ते औषध कवाच निघून गेलं की अंगातनं," मी म्हणते.

"असू दे गं," चुलतेच आतून बोलतात. "डॉक्टरच म्हणालेत न्हवं, लांब ऱ्हावा म्हणून? लेकरं हाईत घरात. भांड्याला बी लागत असंल."

हा माणूस लहानपणी जातीपायी तुमच्यासोबत हॉटेलाबाहेर उकिडवा बसून वेगळ्या कपात चहा प्यायला होता. दर रविवारी विहारात तेच सांगून लोकांना रडवायचा. आणि तुम्ही? चहा संपवलात, उठलात, कप स्वतः विसळलात आणि कट्ट्याच्या कडेला पालथा घातलात. तसं करा असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या घरातला चहा मी पुन्हा घेतला नाही.

मुंबईहून ऑपरेशनसाठी बोलावलं तेव्हा मी पिशवी भरून दारात उभी होते.

"न्हाय जायाचं मला."

"आप्पा, हृदय जितं हाय तुमचं. मी बघून आलोय."

"असंल. परत सुया टोचून घ्यायच्या आन् परत भाईर बसायचं? लई बसलो गं भाईर. बास झालं आता."

पुढचा हंगाम तुम्ही पाहिला नाहीत. मयताला चुलते सगळ्यांत मोठ्यानं रडले.

त्या घरानं तुम्हाला मारलं असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरंच आहे. तरी हे पत्र मी कुणाच्या हाती देणार नाही, त्यांच्या तर नाहीच. कारण त्यांची मला किळस येते, पण आप्पा, राग तुमचा येतो. आई गेल्यावर मला तुम्हीच होता. त्यांनी बाहेर बसवलं ते तुमच्या जिव्हारी लागलं. मी हाताला धरून उठवत होते, त्याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही.