शनीचा खुंटा

नॉर्डाल, मिनेसोटा
२९ नोव्हेंबर १९८७

चि. हाल्वर यास सोल्वेगताईचे अ. आ. वि. वि.,

तुझ्या पत्राची वाट बघून थकले, पण आज लिहायला बसले ती संताप आवरेना म्हणून. व्हर्ना लिंडक्विस्ट आता जत्रा कमिटीची अध्यक्ष झाली आहे. शाळेच्या मैदानात झेंड्याच्या खांबाला सूर्य मानून बाबांनी ग्रहांचे खुंटे रोवले, ते तू विसरला नसशील. दर ऑगस्टात जत्रेच्या दिवशी प्रत्येक खुंटा त्या त्या ग्रहाच्या वर्षभराच्या चालीइतका सरकवायचा. पृथ्वी फेरा पुरा करून जागच्या जागी, आणि तुझ्या वाट्याला आलेला शनी बीटच्या शेताच्या कडेने जरासा पुढे. दहा वर्षांचा होतास तेव्हा, मलाच हा रडका ग्रह का, म्हणून जेवणावर रुसला होतास.

यंदाच्या जत्रेत व्हर्नाबाईंनी शनी उचलला आणि थेट सुरुवातीच्या दगडापाशी नेऊन ठोकला. का, तर बिचारा मागे पडलाय, आणि पेपरच्या फोटोत त्याचा फेरा पुरा झालेला दिसायला हवा. बाबा काठी टेकत गेले, खुंटा उपटला आणि परत जागेवर लावला. त्यावर कमिटीने, आता तुम्ही विश्रांती घ्या, असं सांगून त्यांना मैदानावरून काढलं. ज्याने ते मैदान आखलं त्यालाच! माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात आहे.

५८च्या जत्रेत निघालेला शनी दगडाशी खरा पोचतो तो येत्या ३० जानेवारीला. बाबा म्हणतात, ग्रह जत्रेसाठी थांबत नाही. खुंटा त्याच दिवशी रोवायचा आणि तो हाल्वरने. पुढच्या फेऱ्याला ते नसणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्यांच्या हृदयाबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मागे कळवलंच आहे. तेव्हा ये.

लोभ आहे, तो थंडीत गोठू देऊ नकोस.
तुझी ताई
सोल्वेग

कोडिअॅक, अलास्का
१४ डिसेंबर १९८७

ती. सोल्वेगताईस हाल्वरचा सा. न. वि. वि.,

व्हर्नाबाईंना कुणीतरी त्या खुंट्यालाच बांधून ठेवायला हवं. बाबांचा अपमान वाचून माझंही डोकं फिरलं. पण जानेवारीत खेकड्यांचा हंगाम असतो. बोट सोडली तर कप्तान दुसरा गडी घेईल.

आणि ताई, रागावू नकोस, पण दर पत्रात ‘ये, ये’ ऐकून मलाही वैताग येतो. बाबांपासून चार घरांवर राहून तुला बोलायला काय जातं? बुध सूर्याला चिकटून आहे, म्हणून वर्षात चार फेरे मारतो. मी लांबचा, माझा रस्ता मोठा. हे बाबांनीच शिकवलंय. खुंट्याचा फोटो पाठव.

बाबांना नमस्कार. लोभ कमी करू नये.
तुझा
हाल्वर

नॉर्डाल
२ जानेवारी १९८८

हाल्वर,

आज आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

बाबांनी शिकवलं, पण तू अर्धंच शिकलास. शनीचा रस्ता पृथ्वीच्या साडेनऊ पट आहे. तो पृथ्वीच्याच वेगाने चालला असता तर साडेनऊ वर्षांत परत आला असता. त्याला साडेएकोणतीस लागतात, कारण तिथवर सूर्याची ओढ कमी पडते आणि तो चालतोही हळू. वरची वीस वर्षं रस्त्याची नाहीत, ओढ कमी असल्याची आहेत.

आईच्या मातीला तू शेवटचा आलास ते ७८च्या जत्रेच्या आठवड्यात. येत्या ३० तारखेपर्यंत किती वर्षं होतात ते मोजून बघ. रस्ताच लांब आहे की आणखी काही, ते तुझं तूच ठरव. फोटो मिळणार नाही.

सोल्वेग

नॉर्डाल
७ फेब्रुवारी १९८८

चि. हाल्वर यास ताईचे अ. आ. वि. वि.,

न कळवता थेट ३० तारखेला दारात उभं राहायची ही कुठली रीत? घरात धड काही नव्हतं, आणि पाहुण्याला बटाटा-खिम्याचा शिळा हॉटडिश वाढला म्हणून गावभर माझी शोभा झाली. जमीन दगडासारखी गोठलेली. खुंटा रोवायचा तर ती आधी शेकोटीने तापवावी लागते, एवढंही विसरलास. बाबा गाडीत बसून काच खाली करून तुला वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे करत होते, आणि तू म्हाताऱ्याशी भांडत होतास. व्हर्ना मैदानाच्या कडेला उभी राहून बघत होती. तिला घरी बोलावून कॉफी दिली, ती केवळ ती गोठून मेली तर बोल माझ्यावर यायचा म्हणून.

बोटीवरची जागा गेली असेल तर कळव. लपवू नकोस.

एक लिहायचं राहिलं. रस्ता आणि ओढ यांबद्दल मी तुला काय लिहिलं होतं ते बाबांना कधीच बोलले नव्हते. तू गेलास त्या संध्याकाळी ते खुर्चीत बोटांवर काहीतरी मोजत बसले होते. मला वाटलं गोळ्यांच्या वेळा. मग आपणहून म्हणाले, की पोरगा साडेनऊच वर्षांत आला. म्हणजे रस्ताच लांब होता.

आता ऑगस्टात ये. लोभ आहेच, तो लिहून काय सांगायचा?
तुझी ताई
सोल्वेग