कॉम्प्युटरवरची चादर

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा तेच. गेम अडकायला लागला म्हणून अपडेट आणि व्हायरसचं स्कॅन लावून भाजी आणायला गेले. परत येते तर आईने चालू कॉम्प्युटरवर चादर घातलेली, कडा नीट खोचून. हात लावला तर चटकाच बसला. स्क्रीन काळी, स्कॅन अर्धवट.

खाली आमचे माग चालतात, त्यांची सुताची धूळ घरभर उडते. खिडकी उघडली की ती कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसते, बंद ठेवली की खोलीची भट्टी होते. तरी धुळीपायी खिडकी कायम बंद. मग चिडायचं कुणावर? आईने जपायलाच घातली होती ना चादर.

तरी चिडलेच. "अगं, त्याला हवा लागते. असं कोंडून, धूळ खात किती दिवस चालेल ते?"

आई खोकत चादरीची घडी घालत होती.

"आमी ऱ्हातोच की हितं," म्हणाली.

ब्रशने पंखा साफ केला. कॉम्प्युटर सुरू झाला, पण खेळावंसं वाटेना. खिडकीच्या कडीवर हात ठेवून नुसतीच उभी राहिले. उघडली तरी धूळच येणार.