पाणी बघणारा डॉक्टर

४ ऑगस्ट
आमच्या बौद्धवाडीत कावीळ झालेला दादा पाचवा. महाडला डॉक्टरांकडे नेला. तेल-तूप बंद, आराम. विचारलं, विहिरीचं पाणी कोण तपासणार? डॉक्टर म्हणाले, 'मी पेशंट तपासतो, विहिरी नाही.' घरी वहिनीला सातवा महिना. तिला झाली तर... लिहीत नाही.

७ ऑगस्ट
शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून पोलादपूर, आरोग्य कार्यालय. क्लार्क: कसला डॉक्टर हवाय? म्हटलं, आजार व्हायच्या आधी येतो तो. हसला. हसू दे. बाकड्यावर ठाण मांडलं. दोनला डॉक्टरबाई आल्या, साथीच्या रोगांचंच शिकलेल्या. पहिला प्रश्न, 'विहिरीच्या वरच्या अंगाला संडास आहेत का?' इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी नीट विचारलं. रडूच आलं असतं, पण क्लार्क बघत होता. मंगळवारी येते म्हणाल्या.

११ ऑगस्ट
गाडी चढेना, बाई चिखलातून चालत आल्या. बघते तर विहिरीचा काठ झाडलेला, पाण्याला भपकारा. आमच्या बायांनी काल बादलीभर टीसीएल, जंतू मारायची पावडर ओतली. पाहुणी येणार, तिला घाण दिसायला नको! बाईंनी विचारलं, पावडर कधी टाकता? सखूकाकू पुढे झाली, "दर आठवड्याला. पानी चोख हाय." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत काकूला खोटं कसं पाडू? गप्प बसले. बाई पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेल्या. स्वतःचीच चीड येतेय.

१८ ऑगस्ट
रिपोर्ट: पाणी पिण्यायोग्य. ग्रामसेवक शाळेत कागद घेऊन. तक्रार मिटली म्हणून सही हवी. उद्या देते म्हटलं.
काकूकडे गेले. खरं सांगूया म्हटलं. "नको गो. बौद्धवाडीवाली घाण, असंच म्हनतील."
म्हटलं, आत्ता काय वेगळं म्हणतात? वरच्या आळीचे संडास आपल्या विहिरीच्या डोक्यावर बांधले, तेव्हा आपल्याला विचारलं होतं का?

१९ ऑगस्ट
कागदावर लिहिलं: तक्रार मिटलेली नाही. पावडर आदल्या दिवशी वाडीनेच ओतली. मला माहीत होतं, मी गप्प बसले. न कळवता या, पुन्हा तपासा. खाली सही. ग्रामसेवक: असा शेरा चालत नाही, मॅडम. मग मीच नेते म्हटलं. पोलादपूरला गेले तर डॉक्टरबाई कशेडीकडे साथीला गेलेल्या. क्लार्ककडून पोच घेतली, तेव्हाच उठले.
परत आले तर वाडीत कुणी बोलेना. काकूने दार लोटून घेतलं. बाई कधी येतील, येतील का, माहीत नाही. वहिनीला सगळं सांगितलं. ती पाणी उकळत होती. पोटावर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, त्या कागदावर माझं पन नाव घालायचं होतंत."