काळी डबी की पांढरी?

तीर्थस्वरूप साडूभाऊंच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. (हा नमस्कार पैज जिंकलेल्या माणसाचा आहे, तेव्हा खुर्चीत नीट टेकून बसून स्वीकारावा.) आपली प्रकृती उत्तम असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल आणि घरातलं एखादं तरी यंत्र अजून न उघडता शिल्लक असेल, अशी आशा करतो.

माझ्या प्रकृतीचा खुलासा आधी करून टाकतो. मला दमा नाही, छातीत कफ नाही, मी अंथरुणाला खिळलेलो नाही. सासूबाईंनी फोनवर 'स्ट्रीमर' ऐकलं, त्याचा 'स्टीमर' केला आणि धाकटे जावई दिवसभर वाफ घेत बसलेले असतात अशी बातमी सगळ्या गोतावळ्यात पोचवली. तेव्हापासून आमच्याकडे निलगिरीच्या तेलाच्या बाटल्यांची रीघ लागली आहे. आपलीही पोचली, आभारी आहे. (दाराची बिजागरी करकरत होती, तिला दोन थेंब लावून पाहिले. करकर तशीच आहे, पण आता वास छान येतो.) स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरचं गाणं ओढून घेऊन अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करणारी डबी, हे मी सासूबाईंना परोपरीने समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डोक्यावरून टॉवेल घ्यायला विसरू नका म्हणाल्या.

आता मुद्द्याचं. सासरे गेले आणि त्यांचे ते गुडघ्याएवढे दोन स्पीकर आमच्या हॉलमध्ये आले, तेव्हापासून "खरं म्हणजे हे थोरल्या जावयाकडे यायला हवे होते" हे वाक्य आपण प्रत्येक भेटीत चहाच्या पहिल्या घोटाबरोबर म्हणत आला आहात. मी मूग गिळून बसायचो. वडीलधाऱ्या साडूला काय बोलणार? पण आता जिंकलोच आहे तर मनातलं सांगून टाकतो. सासऱ्यांचा रेडिओ आपण दुरुस्तीला घेतला होतात. जोडून झाल्यावर मूठभर स्क्रू उरले, रेडिओ मात्र उरला नाही. स्पीकर आपल्याकडे गेले असते तर त्यांच्याही पाठीला आपला स्क्रू-ड्रायव्हर लागलाच असता, या विचाराने मला झोप येत नसे. त्यात आमच्या सीडी प्लेअरने मान टाकली, स्पीकर मुके झाले आणि आपल्याला आयतं कोलीत मिळालं. मी चांगला स्ट्रीमर शोधतोय म्हटल्यावर सासूबाईंच्या वाढदिवसाला भरल्या घरात आपण जाहीर केलंत की या सगळ्या डब्या एकसारख्या, फरक फक्त रंगात. डोळे झाकून कुठली डबी वाजतेय ते ओळखून दाखव, नाहीतर स्पीकर माझ्या घरी पाठव. ओळखलंस तर जन्मात पुन्हा स्पीकरांचं नाव काढणार नाही! मीही हो म्हणून बसलो. (तुमच्या मेहुणीला विचारायचा प्रश्नच नव्हता. तिच्या लेखी ते स्पीकर म्हणजे पुसायला दोन वस्तू जास्तीच्या.)

हो म्हणालो खरा, पण दुकानात गेल्यावर माझी पाचावर धारण बसली. तिथला विक्रेता म्हणजे अगदी कानसेन. बोलतानासुद्धा मान एका बाजूला कलती ठेवतो, जणू आपल्याच आवाजाची पारख चालली आहे. त्याने मला एका मऊ सोफ्यावर बसवलं, एक काळी डबी लावली, एक पांढरी लावली आणि म्हणाला, काळीत खोली आहे, पांढरीत हवा आहे. मी खोलीही शोधली आणि हवाही शोधली. मग त्याने विचारलं, "पहिली बरी की दुसरी? आता? आणि आता?" साडूभाऊ, माझ्या अंगावर काटा आला! इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर ती जाड फ्रेम चढवून, काचा बदलत बदलत मी हेच विचारत आलो आहे. पहिली काच की दुसरी? आणि गिऱ्हाईक "दोन्ही सारख्याच" म्हणालं की माझं डोकं फिरतं. सारख्या कशा असतील? नीट बघा! आता सोफ्यावर मी होतो, आणि "दोन्ही सारख्याच" हे शब्द माझ्या ओठांवर येऊन उभे होते. मी ते गिळले आणि गंभीरपणे म्हणालो, पुन्हा एकदा दाखवा. (ऐकायच्या वस्तूला मी 'दाखवा' म्हणालो, हे माझ्या लक्षात आलं. कानसेनांच्याही आलं असावं, पण माणूस सभ्य आहे.) शेवटी दोन्ही डब्या घरी नेऊन वाजवून पाहा, हवी ती ठेवा, असं त्यानेच सुचवलं.

घरी वेगळंच रामायण. डबी इंटरनेटला जोडायला मोबाइलवर ॲप लागतं, ॲपला वायफायचा पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड आमच्या हिच्याकडे असतो. तो तिने तीन अटींवर दिला, त्यांतली एक माळा आवरण्याची होती. मग काळ्या डबीने सांगितलं की मला आधी स्वतःला अद्ययावत करू द्या, आणि ती जी ध्यानाला बसली ती माझा अख्खा माळा आवरून होईपर्यंत उठली नाही. पांढरीने तर मी कुठल्या खोलीत आहे, माझं वय काय, मला कुठली गाणी आवडतात अशा चौकशा सुरू केल्या. मुलगी बघायला आलो होतो तेव्हा आपल्या सासऱ्यांनीही मला इतकं विचारलं नव्हतं.

आणि मग पैजेचा दिवस उजाडला. गुडघ्यामुळे आपल्याला येणं जमणार नव्हतं, तेव्हा पंच म्हणून आपणच आपल्या मेहुणीचं नाव सुचवलं होतंत. ती नवऱ्याच्या बाजूनेसुद्धा खोटं बोलायची नाही, हे आपले शब्द. (ते तिला तेव्हा फार आवडले होते.) फडक्याने डोळे बांधले तर फटीतून दिसतं असं आपण उद्या म्हणाल, म्हणून मी दुकानातली तपासणीची फ्रेमच घरी आणली आणि तिच्यात दोन्ही बाजूंना काळी झाकणं बसवली. एरवी आम्ही गिऱ्हाइकाचा एकेक डोळा झाकतो. दोन्ही झाकून घेणारा या धंद्यातला मी पहिलाच असेन. ही अ‍ॅम्प्लिफायरपाशी उभी राहिली. एक बटण फिरवलं की काळी, उलट फिरवलं की पांढरी, आणि हिने फक्त "पहिली", "दुसरी" एवढंच म्हणायचं.

पहिल्या फेरीला काहीच कळेना. मग मी आमच्या गिऱ्हाइकांना सांगतो तेच स्वतःला सांगितलं, की ताणून बघू नका, सहज बघा. आणि साडूभाऊ, खोली दिसली! खरोखर दिसली! "पहिली काळी, दुसरी पांढरी," मी म्हणालो. "बरोबर," ही म्हणाली. पुन्हा सांगितलं, पुन्हा बरोबर. मला तर पुढे पुढे बटण फिरायच्या आतच कळायला लागलं. काळीत गाणारा माणूस थेट टीपॉयपाशी येऊन उभा राहायचा, आणि पांढरीत तोच बिचारा दाराबाहेर चपला काढत असायचा. मध्ये एकदा मात्र चुकलो. त्या फेरीला स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, कुणाचाही कान चळला असता. पण त्या एका चुकीने उलट निकालाला खरेपणाच आला, असं माझं मत आहे. बाकी सगळ्या फेऱ्या अचूक! फ्रेम काढली तेव्हा मला उगाचच भरून आलं. सासऱ्यांचे स्पीकर माझ्या दोन कानांनी वाचवले, हा आनंद मला लपवता येत नाही आणि लपवायचाही नाही. पांढरी डबी दुसऱ्याच दिवशी कानसेनांच्या हवाली केली, काळी ठेवली. हल्ली संध्याकाळी दुकान बंद करून मी तडक घरी येतो. हीसुद्धा हातातलं काम बाजूला ठेवून शेजारी येऊन बसते, आणि मी तिला खोली म्हणजे काय ते समजावून सांगतो.

ताईंना नमस्कार सांगावा. सासूबाईंना मी ठणठणीत असल्याचं कळवावं, आपलं तरी त्या ऐकतील.

आपला विजयी,
धाकटा साडू

ता. क. हार झाल्याचं आपण कोऱ्या कागदावर, आपल्या सहीनिशी लिहून पाठवावं. दुकानात अक्षरांच्या तक्त्याखाली लावीन म्हणतो. अगदी खालच्या ओळीसारखं बारीक लिहिलंत तरी चालेल.

ता. क. २. खरं तर पत्र लिहायचं कारण हे. या स्पीकरांचे लाकडी स्टँड सासऱ्यांकडून आपण "तात्पुरते" नेले होतेत, त्यांवर सध्या आपल्या बाल्कनीतल्या कुंड्या आहेत. कुंड्या उतरवून ते पाठवून द्यावेत. जमिनीवर ठेवल्याने काळ्या डबीची सगळी खोली फरशीत जाते.

भावोजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून उरलेल्या जागेत मी लिहिते. तुम्ही मला पंच केलंत, तेव्हा खरा निकाल तुम्हाला कळवणं भाग आहे. मी बटण नुसतं धरून उभी होते, एकदाही फिरवलं नाही. सगळा वेळ पांढरीच वाजत होती. काळीची वायर सकाळी पुसताना निघाली होती, ती मी दुसऱ्या दिवशी लावली. "चूक" एकदाच म्हटलं, तेही तुम्हाला संशय येऊ नये म्हणून. बाबा आम्हा दोघी बहिणींना त्या स्पीकरांच्या मध्ये बसवून गाणी ऐकवायचे. तुम्ही दोघांनी त्यांच्यावर पैज लावलीत, आम्हाला कुणी विचारलं नाही. यांना हे सांगायचं असेल तर खुशाल सांगा, फक्त त्याआधी ताईला विचारून घ्या. बटण न फिरवायची युक्ती तिचीच आहे, आणि एकदा तरी "चूक" म्हण, हेही तिनेच सांगितलं होतं. स्टँड या आठवड्यात पाठवा.