नकाशातलं देऊळ

निंबर्गा. माघ, सोमवार, रात्र.

पवनचक्क्यांची वीज नेणाऱ्या लाइनीचा नकाशा आज पंचायतीत आला. उद्या परवानगीच्या कागदावर सदस्य म्हणून माझीबी सही लागणार. नकाशात माझ्या रानात देऊळ दाखवलंय. म्हणून टॉवर सरकून शेजारच्या शांताक्काच्या तुरीत गेलाय.

देऊळ कुठलं? मोजणीवाले नेमके येळवशीला, रानातल्या पूजेच्या अवसेलाच, आले होते. कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगड, आम्ही सगळे हात जोडून. त्यांना अंबील पाजली, त्यांनी लिहून घेतलं. ही एका दिवसाची पूजा, हे मी सांगितलं न्हाई. कुणी विचारलंबी न्हाई. का मुद्दाम गप बसलो? आता आठवंना.

शांताक्काचा नवरा दिवाळीत गेला. सांजच्याला दारात येऊन हळूच म्हणाली, "अण्णा, औंदा मी खोप घातली न्हाई, म्हणून माझ्या रानात टॉवर व्हय?"

मी म्हणालो, "बघून सांगतो." स्वतःच्याच रानात काय बघायचं?

तरी गेलो. खोप बैलांनी कवाच खाल्लीय, दगड तेवढे हायत. हे देऊळ न्हाई, उद्या सांगून टाकायचं, असं ठरवत दगडांपुढं उभा राहिलो. खाली बघतो तर पायात चपला न्हाईत. बांधावर कवा काढल्या, ठाऊक न्हाई.